दोन सह्यांचा मीटर

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाली असशील तर जरा थांब. आधी वाच, मग फाड. तीन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, मीही नाही, त्यामुळे ख्यालीखुशालीत तुझा वेळ खात नाही. तू बरी असशील, मी बरी आहे, झालं. काम असं आहे की मी भाड्याने गाळा घेतलाय, धुलाई-इस्त्रीसाठी. यंत्र आलंय, टेबल आलंय, फक्त लाईट नाही. लाईटच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक तुझी. आज अठरा तारीख. पंचवीसपर्यंत फॉर्म पुरा झाला तर एक तारखेच्या आधी मीटर चालू होईल. नाही झाला तर इस्पितळाच्या चादरींचं काम दुसऱ्याकडे जाईल आणि अकरा महिन्यांचा करार माझ्या गळ्यात राहील. माझी सही कशाला, मी यात कुठून आले, असं तू म्हणणार. म्हण. सांगते सगळं, पण माझ्या पद्धतीने सांगू दे, मला सरळ रेषेत बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे.

हे मी गाळ्यात बसून लिहितेय. स्टूल दाराशी ओढलाय, कारण आत अंधार. उन्हाची पट्टी सरकेल तसा स्टूल सरकवते. चार ओळी झाल्या की उठते, यंत्रावरचं प्लास्टिक सारखं करते, शटरची कडी बघून येते, परत बसते. दूध तापेपर्यंत उभं राहायचं म्हटलं तरी मी गॅसला शिव्या घालते, तिथे आठवडाभर नुसती बसून आहे म्हणजे बघ. सकाळपासून तीन वेळा झाडलं. आता झाडायलाही काही उरलं नाही.

दुकान घ्यायची हौस नव्हती. घरी धुवायचं यंत्र आणि तीन इस्त्र्या घरच्याच मीटरवर चालतात हे कुणीतरी वीज कंपनीत जाऊन सांगितलं. कुणी, ते मला कळलंय, पण जाऊ दे. तपासायला माणूस आला. म्हणतो, बाई, हे घर आहे की कारखाना. मी म्हटलं, दोन्ही आहे, तुमच्या घरच्या बायका काय दिवसभर पंख्याखाली बसून असतात. हसला नाही. कागद देऊन गेला, की घरगुती मीटरवर धंदा चालणार नाही, धंद्याचं वेगळं कनेक्शन घ्या. ह्यांना विचारलं, काय करायचं. हे म्हणाले, बंद कर, वय झालं आता. वय ह्यांचं झालंय. मी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गाळे बघायला निघाले.

हा चौथा बघितलेला. आधी इथे शोभेच्या माशांचं दुकान होतं. मासेवाला रातोरात नाही, पण दोन दिवसांत गाशा गुंडाळून गेला म्हणे. भिंतींवर पाण्याच्या रेघा, कोपऱ्यात निळ्या खड्यांचा ढीग, आणि प्लगच्या पेट्या मोजून अकरा. एकही धड उंचीवर नाही. काही गुडघ्याशी, काही छताशी, जिथे जिथे त्याची काचेची टाकी असेल तिथे. इस्त्रीच्या टेबलाजवळ हवी तिथे एकही नाही. वायरमन बघून म्हणाला, काकू, हे सगळं उपटावं लागेल, माशांचं वायरिंग आहे हे, माणसांचं नाही. मी म्हटलं, उपट, पण आजच्या आज. तो म्हणाला, आज मी नुसता बघायला आलोय. मला अशी माणसं सहन होत नाहीत. बघायला वेगळा दिवस, करायला वेगळा दिवस. पण हात चांगला आहे त्याचा. यंत्राला किती, इस्त्र्यांना किती, सगळं त्यानेच जोडून फॉर्मवर लिहिलं. आधीच्या माणसाचा लोड आपल्याला पुरणारच नाही. त्याच्याकडे हवेचे बुडबुडे आणि चार दिवे, आपल्याकडे पाणी तापवणारं यंत्र. नुसतं नाव बदलून भागणार नाही, जुनं खातं बंद, नवं चालू, लोड वाढवून, असं तिहेरी काम.

गाळ्याचे मालक निवृत्त मास्तर आहेत. करार लिहायला बसले तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, दुकान कोण चालवणार. आणि धाकटे, माझ्या तोंडातून निघून गेलं, आम्ही दोघी जावा. सोळा वर्षं हेच सांगत आले ना मी. कुणी विचारलं, कपडे कोण करतं, आम्ही दोघी. कॉलर कुणी एवढी कडक केली, आम्ही दोघी, जरी ती तूच केलेली असली तरी. तेच जिभेवर बसलंय. मास्तरांनी नाव विचारलं, मी तुझं सांगितलं, त्यांनी माझ्या खाली लिहिलं. मग वाचून दाखवलं, मी ऐकलं, माझ्यापुरती सही केली, आणि मला काहीही वावगं वाटलं नाही. दोन नावं एकाखाली एक, बरोबर आहे, असंच वाटलं. घरी येऊन चहा टाकला तेव्हा लक्षात आलं की मी काय करून बसले. पण तेव्हाही मनाशी म्हटलं, करार मास्तरांच्या कपाटात पडून राहणार, कोण बघतंय.

त्यानंतर मी जे केलं ते ऐकून तू हसशील. हस बाई, तुझं हसणं फार दिवस ऐकलं नाही. किल्ली देताना मास्तर म्हणाले, आजचं रीडिंग उतरवून घ्या, नाहीतर मासेवाल्याने जाळलेली वीज तुमच्या माथी येईल. शहाणा सल्ला. जिन्याखाली चार मीटर, जळमटात. नावं खडूने लिहिलेली, पुसून गेलेली. पण एका मीटरवर चांगला लाल माशाचा स्टिकर. मी म्हटलं, विचारायचं कुणाला, हाच मासेवाल्याचा. नंबर उतरवला, रीडिंग उतरवलं, फॉर्मवर घातलं आणि वीज कंपनीच्या खिडकीत दिलं. वायरमन म्हणत होता, काकू, थांबा, खात्री करून घेऊ. मी थांबते होय.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला, शिडी लावली, मी दिलेल्या नंबरच्या मीटरची वायर सोडवली. शेजारी दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या खोलीतून भुंग्यासारखा आवाज येत होता तो घर्रकन थांबला. मग डॉक्टर बाहेर, हातात ते टोकदार, आणि त्याच्या मागे पेशंट, गळ्यात टॉवेल, तोंडात कापूस, आ वासलेला. डॉक्टर म्हणाला, कुणी केलं हे. मी म्हटलं, मी. खोटं बोलून काय उपयोग, शिडीखाली मीच उभी. पेशंटला म्हटलं, मिटा तोंड, वेळ लागणार आहे. डॉक्टर म्हणाला, मिटू नका. तो बिचारा एकदा माझ्याकडे बघतो, एकदा डॉक्टरकडे. मग कळलं की मासेवाल्याने जाताना स्टिकर वाटले होते, आणि आपला मीटर ओळखता यावा म्हणून तो मासा डॉक्टरनेच चिकटवला होता. एवढा शिकलेला माणूस. मी त्याला म्हटलंही, दात तरी चिकटवायचा होता.

मग आपला मीटर कुठला हे शोधायची वायरमनची तऱ्हा बघ. तो जिन्याखाली खटके पाडणार, मी मधल्या वाटेत उभी राहून ऐकायचं. ज्याची बोंब येईल त्याचा तो मीटर. पहिला पाडला, वरच्या मजल्यावरची शिकवणीची पोरं ओरडली. दुसरा पाडला, मागच्या झेरॉक्सवाल्याने सगळ्यांच्या वाडवडिलांचा उद्धार केला. डॉक्टरचा तर बंदच होता. शेवटचा पाडला. कुणीच ओरडलं नाही. वायरमन खालून म्हणाला, आलं का काही ऐकू. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग तोच तुमचा.

डॉक्टरची वीज त्याच दिवशी जोडून दिली, पण खिडकीतली बाई म्हणाली की आता लिहून द्या. खिडकीत एक तरुण बाई असते, केसात पेन खोचलेलं, मला मावशी म्हणते. म्हणाली, लिहा, अमुक तारखेला मी चुकीचा नंबर दिला, खरा नंबर हा, चूक माझी, खाली सही. म्हटलं, लिहून दिलं तर मला धरतील का. ती म्हणाली, मावशी, लिहून नाही दिलं तर दुरुस्त कशावर करू. मी तिथेच बाकावर बसून लिहिलं. चार ओळींना अर्धा तास लागला. तिने वाचलं, शिक्का मारला, टोपलीत टाकलं. एवढंच. मला वाटलं होतं, आता चारजण जमतील, साहेब येईल, बोलणी बसतील. तिने वरही बघितलं नाही. पुढचे कागद चाळायला लागली, त्यात फॉर्मला जोडलेली कराराची नक्कल निघाली, आणि मग मात्र वर बघितलं. म्हणाली, ही दुसरी कोण. म्हटलं, जाऊ. म्हणाली, भाडेकरू दोन आहेत तर सह्याही दोन लागतील. त्यांना इथे आणा नाहीतर सही घेऊन या.

बाहेर आल्याबरोबर वायरमन म्हणाला, काकू, ठोका की सही, तिला काय स्वप्न पडणार आहे जाऊ कशी सही करते ते. मास्तर म्हणाले, नवा करार करू, तुमच्या एकटीच्या नावाने, अर्ध्या तासाचं काम. डॉक्टर, तोही आता सल्ले द्यायला लागलाय, म्हणाला, जाऊबाईंचं एक पत्र आणा. सगळ्यांना घाई. आणि मला, जिला लिफ्ट यायची वाट बघवत नाही, मला पहिल्यांदा घाई करवेना. मी वायरमनला म्हटलं, दुसऱ्याची सही मी करणार नाही. तो म्हणाला, वा काकू, असा प्रामाणिकपणा आता राहिला नाही. धाकटे, तो हे भर रस्त्यात म्हणाला आणि माझे कान तापले. मी त्याला चहासुद्धा न पाजता निघून आले.

आता तुझं मला कसं कळलं ते सांगते. इस्पितळाच्या स्टोअरची बाई, जिने हे चादरींचं काम दिलं, तिची बहीण तुझ्याबरोबर वसतिगृहाच्या धुलाईत आहे. पत्ता या स्टोअरच्या बाईनेच दिला. बोलता बोलता म्हणाली की तू तिथे नव्या बायकांना सांगतेस, काही झालं तरी न वाचता सही करू नका, मी केली आणि घरातून बाहेर पडले. ती सहज बोलली आणि गाउन मोजायला लागली. मी तिच्याबरोबर मोजत होते, माझा आकडा चुकला. परत मोजले, परत चुकला.

भाऊजी गेले तेव्हाचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. तू दोन महिने माहेरी होतीस. घराचा मीटर भाऊजींच्या नावावर होता, कारण सासरे गेले तेव्हा ऑफिसात जायला तेच मोकळे होते. ह्यांनी तो आपल्या नावावर करायला घेतला. त्याला गेलेल्याच्या बायकोची हरकत नाही असा कागद लागतो. मग त्या लाईटबिलावर पुढचं सगळं, घर, तुझी खोली, सगळं एका नावावर गेलं. तू बॅग घेऊन आलीस तेव्हा तुझ्या खोलीला दुसरं कुलूप होतं. ह्यांनी तो कागद तुझ्यापुढे धरला. म्हणाले, तूच लिहून दिलंस. तू कितीतरी वेळ बघत राहिलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू म्हणालीस, सही तर माझीच दिसते. त्या दिवसांत किती कागद पुढे आले, केली असेल. आणि बॅग उचललीस. मी टेबलाशी पाठ करून इस्त्री करत होते. शर्टाची कॉलर जळाली, वास तुलाही आला असणार. तू जाताना म्हणालीस, जाऊबाई, इस्त्री उचला.

तू ती सही केली नव्हतीस. मी केली होती. ह्यांना तुझी सही येत नाही, ह्यांना धड स्वतःची येत नाही. मला लिहायला कुणी शिकवलं, तूच ना. दुपारी कपडे कमी असले की खडूने टेबलावर गिरवून घ्यायचीस. माझ्या नावात जोडाक्षर, ते मला जमेना, मी चिडून खडू फेकायची. मग तू म्हणालीस, असू दे, आधी माझं शिका, सोपं आहे. म्हणून मला माझ्या आधी तुझं नाव लिहिता आलं, तुझ्यासारखं, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून. हे म्हणाले, मीटर कुणाच्या तरी नावावर पाहिजेच ना, ती आली की सांगू. मी म्हटलं, हो. मला तेव्हा हे घराचं काम वाटलं, तुझ्याविरुद्धचं वाटलं नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगितलं. पण तू कागद बघत उभी होतीस तेव्हा मला सगळं माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. मी बोलले नाही, कारण मला भीती वाटली की मग मलाही बॅग भरावी लागेल. एवढीच गोष्ट आहे. याच्यामागे काही मोठं कारण नाही.

तेव्हा खरं सांगते, हे पत्र सहीसाठी नाही. सहीचं आधी लिहिलं कारण ते लिहायला सोपं होतं. पाकिटात दुसरा कागद आहे, तो नीट बघ. ना-हरकतीच्या पत्रावर माझ्या धाकट्या जावेची म्हणून जी सही आहे ती मी केली, तिने तो कागद पाहिलाही नव्हता, चूक माझी, असं मी माझ्या हाताने लिहिलंय, तारखेसकट. खाली माझं पूर्ण नाव आहे, जोडाक्षरासकट, दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट आलं. त्यावर वायरमन आणि मास्तर साक्षीदार आहेत. वायरमनने वाचलं, सही केली आणि मी टाकलेला चहा न घेताच गेला. तसलाच एक कागद सकाळी ह्यांच्यापुढे ठेवला. हे म्हणाले, तिने खोली मागितली तर आपण कुठे जायचं. मी म्हटलं, ती कुठे गेली हे आपण विचारलं होतं का. तेव्हापासून घरी अबोला आहे, म्हणून तर सकाळपासून इथे येऊन बसलेय. कागद वकिलाकडे ने, वीज कंपनीत ने, त्या नव्या बायकांना वाचून दाखव, तुझं तू ठरव. मला न सांगता ने. तू न वाचता सही केलीस, असं मात्र आजपासून कुणाला सांगू नकोस. लाईटचा फॉर्म मी पाकिटात घातलेला नाही, शोधू नकोस. तुझं नाव तुला न विचारता मी दोनदा घातलं, एकदा त्या कागदावर आणि एकदा या करारावर. तिसऱ्यांदा तुझ्यापुढे कागद सरकवायचा नाही असं ठरवलंय. पंचवीसला खिडकी बंद होईपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून आहे. तू आलीस तर फॉर्म आधी पूर्ण वाच, मग करायची तर कर. नाही आलीस तर सव्वीसला मास्तरांकडे जाऊन तुझं नाव काढून घेईन, आणि इस्पितळाचं काय ते माझं मी बघीन.

तुझीच, आणि हा शब्द खटकला तर खोडून टाक,
थोरली